तिसऱ्या कपाची कॉफी

लेकीला नोकरी लागली तेव्हा इथिओपिया नेमका कुठे आहे, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याने "आफ्रिकेत" एवढं सांगून विषय मिटवला, जणू आफ्रिका म्हणजे मोहाडीच्या पुढचं एखादं गाव. मी मात्र मोबाइलवर नकाशा मोठा करकरून पाहिला. तिचं ते जिम्मा नावाचं गाव सापडलं, आजूबाजूला सगळं हिरवंगार दिसलं. हिरवं आहे म्हणजे पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणजे माणसं पोटभर जेवत असतील, असा आम्हा भंडाऱ्याच्या लोकांचा सरळ हिशोब. तेवढ्या भरवशावर मी तिला विमानात बसू दिलं.

ती तिथे कॉफीची रोपं तयार करते. कृषीची पदवी घेऊन पोरगी भाताच्या वाणांवर काम करेल असं मला वाटलं होतं, तर ती निघाली कॉफीकडे. आमच्या घरात कॉफी कुणी पीत नव्हतं. मी प्यायलेली कॉफी म्हणजे लग्नातली, मशीनमधून फसफसून येणारी आणि वरून चॉकलेटची भुकटी भुरभुरलेली. त्यासाठी एवढ्या लांब जाऊन झाडं लावायची काय गरज, असं मी दर फोनवर तिला ऐकवत असे, आणि दर फोनवर ती हसत असे.

ती एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी भाड्याने राहते. बाई निवृत्त शिक्षिका, नवरा नाही, मुलं राजधानीत. लेक त्यांना "एमाये" म्हणून हाक मारायची. मी एकदा सहज विचारलं की याचा अर्थ काय. "काही नाही, आई म्हणजे," असं म्हणून ती पुढच्या विषयाला लागली. काही नाही म्हणे. त्या दिवशी माझ्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं.

तर ह्या एमाये मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी येऊन राहिल्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि लेकीने परस्पर नागपूरच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली. तिला स्वतःला सुट्टी मिळेना. ऑपरेशन नागपूरला, पण नंतरच्या तपासणीपर्यंतचा मुक्काम भंडाऱ्याला आपल्याकडे, असं तिने ठरवलं आणि मग आम्हाला सांगितलं. नवरा खूश झाला, त्याला पाहुणे आवडतात. मी पण खूश झाले, पण माझं कारण वेगळं होतं.

साकोलीला एका कृषी महाविद्यालयात जागा निघाली होती. आमच्या घरापासून एसटीने तासाभराचा रस्ता. लेकीच्या शिक्षणात ती जागा अगदी फिट बसत होती आणि महिनाअखेरपर्यंत अर्ज करायचा होता. मी तिला सांगितलं की ती "पाहते" म्हणायची, आणि पोरगी "पाहते" म्हणाली की ती पाहत नाही हे मला तिच्या पहिलीपासून माहीत आहे. म्हणून मी मनाशी ठरवलं की ह्या बाई आयत्या घरी येत आहेत, त्यांनाच गळ घालायची. त्या एवढ्या "आई" आहेत ना, मग सांगू देत त्याच, की जा बाई आता आपल्या घरी.

नागपूरच्या विमानतळावर त्या आल्या त्या पांढऱ्याशुभ्र सुती कपड्यात. खांद्यावरून एक झिरझिरीत शाल, काठाला रंगीत पट्टा. आमचं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं दुकान आहे आणि नवऱ्याच्या आजोबांपर्यंत घरात माग चालत होते, त्यामुळे नमस्कार राहिला बाजूला, ह्या माणसाने आधी त्या शालीचा काठ चिमटीत धरून पाहिला. "हातमागाचं आहे," मला म्हणाला, जशी काही मी विचारणा केली होती. बाईंना मात्र त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी शाल काढून सरळ त्याच्या हातात दिली आणि माझ्या गालाला गाल लावला, एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे. विमानतळावर एवढ्या लोकांसमोर माझी पुरती तारांबळ उडाली.

त्या इंग्रजी बोलायच्या, हळू आणि स्वच्छ. त्यांच्या लहानपणी तिकडच्या शाळांत शिकवायला भारतातले मास्तर असायचे, बहुतेक केरळातले. त्यामुळे भारत म्हणजे काय याची त्यांची कल्पना अगदी पक्की होती. मौद्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, नारळाची झाडं कधी लागतील. मी म्हटलं, नारळ आमच्याकडे देवापुढे असतो, झाडावर नाही. माझं इंग्रजी दुकानात आलेल्या परदेशी गिऱ्हाइकांपुरतं, पण आमचं जमलं. शब्द कमी असले की माणूस नेमकं बोलतो.

रस्त्याच्या कडेला कापलेल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, लाखोरी फुलली होती, निळीनिळी. ती पाहून बाईंनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या, एक फूल खुडलं आणि म्हणाल्या की हे तर आमच्याकडचं. खरंच तिकडेही ही डाळ पिकते, तिचं पीठ करून कालवण करतात. मग त्यांनी गुडघ्यांवर हात मारून दाखवलं की फार खाल्ली तर पाय जातात. आमच्याकडेही म्हातारी माणसं अगदी हेच सांगतात, आणि तरीही लाखोरीचे वडे खातात. दोन देशांची पहिली ओळख अशी एका बदनाम डाळीवरून झाली. मला जरा आवडल्या त्या, पण साकोलीचं मी विसरले नाही.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, धुरात बसायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. त्या काळ्या चष्म्यात त्या आमच्या झोपाळ्यावर बसायच्या आणि गल्लीतल्या बाया त्यांना पाहायला काही ना काही निमित्ताने यायच्या, कुणी विरजण मागायला, कुणी उगाच. बाई सगळ्यांचे गाल धरायच्या.

त्यांचा देश मला असा रोज थोडाथोडा कळत गेला. त्यांचं घड्याळ सूर्य उगवल्यावर सुरू होतं, म्हणजे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या की मी दोन वाजता नाश्ता करते. मी मनात म्हटलं, करा बापडे, आणि दोनला गरम पोहे घेऊन गेले, तर त्या बिचाऱ्या सकाळी आठपासून वाट पाहत बसलेल्या. उपवासात तर त्यांनी मला पार हरवलं. मी गुरुवार आणि चतुर्थी करते आणि त्याचा मला थोडा तोरा आहे. त्यांचे बुधवार, शुक्रवार आणि वर्षात अजून कितीतरी. पण त्यांच्या उपवासाला डाळ-भाकरी चालते, दूध चालत नाही, आणि आमच्या उपवासाला दूध चालतं, डाळ चालत नाही. एका शुक्रवारी चतुर्थी आली आणि दोघींना चालेल असं काय, याचा मी सकाळभर विचार केला. शेवटी आम्ही दोघींनी उकडलेले बटाटे आणि शेंगदाणे खाल्ले. नवऱ्याने आमच्यासमोर बसून मुद्दाम पोळी-भाजी मिटक्या मारत खाल्ली.

आणि रोज दुपारी कॉफी. तिला त्या "बुना" म्हणायच्या. हिरवट कच्च्या बियांची पिशवी, लांब मानेची काळी मातीची सुरई आणि बिनकानाचे इवलेसे कप त्यांनी कपड्यांत गुंडाळून तिकडून आणले होते. धुरात बसायची बंदी, त्यामुळे बिया भाजायचं काम माझ्याकडे आलं. त्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि वासावरून हुकूम सोडायच्या. पहिल्या दिवशी मी मोठ्या आचेवर कढईतल्या बियांचा कोळसा केला. करडई भाजणारा हात माझा, पण ह्या बिया वेगळ्याच हट्टी. दुसऱ्या दिवशी जमलं. बिया तडतडायला लागल्या की कढई घेऊन सगळ्यांच्या नाकाशी धुराचा वास फिरवायचा, हा तिकडचा मान. मी तो नवऱ्यापासून सुरू केला, त्याला ठसका लागला. मग खलबत्त्यात कुटायचं, सुरईत उकळायचं, खाली जमिनीवर ताजं गवत पसरायचं. गवत नवऱ्याने आणलं. सोबत फुटाणे किंवा लाह्या. त्यांच्याकडे मक्याच्या, आमच्याकडे धानाच्या.

कॉफी एकदाच करायची नाही, हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून उकळायचं, आणि पुन्हा एकदा. तीन वेळा. प्रत्येक वेळेला नाव आहे. पहिल्या कपाला ते लोक अबोल म्हणतात, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त गप्पा त्याच कपाला व्हायच्या. दुसऱ्याला तोना. तिसऱ्याला बरका.

आता मी काही अंधश्रद्धाळू बाई नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला हट म्हणते आणि पुढे जाते. पण आमच्या घरात ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत. तीन लागल्याच तर चौथीचा तुकडा सोबत टाकतात. तिघं मिळून महत्त्वाच्या कामाला निघत नाहीत. तीन तिगाडा, काम बिगाडा. सासूबाईंनी मला शिकवलं, मी लेकीला शिकवलं, त्यात विचार करण्यासारखं काही असतं असं कुणाला वाटलं नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी दोन कप झाले, तिसऱ्यांदा सुरई चुलीवर चढली आणि मी कुकर लावायचं निमित्त करून उठले. दुसऱ्या दिवशी धोब्याचं निमित्त केलं. नवऱ्याला तर निमित्तही लागलं नाही. दोन झाले की "बस, बस" म्हणत तो थेट दुकानात. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की तिसऱ्यांदा चोथा उकळणं हा बाईंचा काटकसरी स्वभाव आहे, मी उठले तर त्यांनाच बरं वाटेल.

तिसरा कप बाई एकट्याच पीत बसायच्या, गवतावर नजर लावून. हळूहळू कॉफी झाल्यावर त्या गप्प गप्प राहायला लागल्या. मला वाटलं, डोळा दुखत असेल.

इकडे अर्जाचा शेवटचा दिवस जवळ येत होता. महिना संपत आला होता आणि साकोलीचा विषय मी अजून काढलाच नव्हता. पहिल्या कपाला बाई त्यांच्या शाळेच्या गोष्टी सांगायच्या, दुसऱ्या कपाला आमच्या गल्लीच्या चौकशा करायच्या, मधे शिरायला जागाच नसायची. एवढी मोठी गोष्ट लाह्यांच्या वाटीवरून कशी काढायची. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "तूच काढ बा विषय. मले मधात नको घेऊ." हा माणूस गिऱ्हाइकाच्या गळ्यात साडी मारतो तेव्हा त्याला कुणी मधात घ्यावं लागत नाही.

मग लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झालं आणि ती एकदम म्हणाली, "आई, तू तिसरा कप काहून नाही घेत? एमाये विचारून राहिली, तुया मनात तिच्याबद्दल काही आहे का म्हणून."

मी तिला तीन तिगाडा सांगितलं. "मले वाटलंच," ती म्हणाली. मग तिने सांगितलं की तिकडे पहिला कप चवीचा, दुसरा गप्पांचा आणि तिसरा आशीर्वादाचा. भांडण मिटवायचं तर तिसऱ्या कपाला, कुणाकडे काही मागायचं तर तिसऱ्या कपाला. त्याआधी उठून जाणं म्हणजे सोबतच्या माणसाला सांगणं की तुझा आशीर्वाद मला नको. मी रोज उठून जात होते, आणि त्याही माझ्याशी काहीतरी बोलायचं म्हणून रोज तिसऱ्या कपाची वाट पाहत होत्या.

मला अगदी कानकोंड्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी मनापासून बिया भाजल्या. नवरा दोन कप पिऊन उठला आणि नेहमीसारखा दुकानात न जाता दारापाशीच घुटमळला. मी बसून राहिले. बाईंनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाणी घातलं. मी एक तोडगा काढून ठेवला होता. म्हटलं, एक थेंब चौथा असेल तर तिसरा घ्यायला माझी हरकत नाही, आमच्याकडे असं चालतं. त्यांनी हसून सुरई हलवून दाखवली. चौथा नसतोच. तिसऱ्यालाच बियांमध्ये काही उरत नाही.

तो कप त्यांनी माझ्या हातात दिला आणि तिसऱ्या कपाचं बोलणं सुरू केलं. म्हणाल्या, तुमची मुलगीसुद्धा असंच करायची. पहिलं वर्षभर रोज दुसऱ्या कपानंतर उठायची. मला वाटायचं, हिचं मन इथे नाही, ही जाणार. तिच्या खोलीला नवे पडदेसुद्धा मी केले नाहीत. मागच्या पावसाळ्यात तिने स्वतः वाढवलेली रोपं डोंगरावर लावली, तुम्ही भात लावता तशी दोरी धरून, ओळीत. सगळे मजूर हसत होते. त्या संध्याकाळी चिखलाच्या पायांनी येऊन बसली आणि तिसरा कप पिऊनच उठली. तेव्हापासून रोज पिते.

त्यांनी फोनवर फोटो काढून दाखवला. डोंगराचा उतार, गुडघ्याएवढीसुद्धा नसलेली झाडं आणि त्यांच्यात उकिडवी बसलेली माझी लेक, डोक्याला माझी जुनी ओढणी बांधून. एवढी आनंदात मी तिला फार दिवसांत पाहिली नव्हती. फोनवर मी तिला कधी झाडांबद्दल विचारलंच नव्हतं. जेवलीस का, केव्हा येतेस, एवढंच.

"साकोलीचं तिने मला सांगितलंय," बाई म्हणाल्या. "ती तुम्हाला विचारणार नाही. तुम्ही ये म्हणालात तर ती येईल, म्हणून विचारत नाही. तिला त्या झाडांचं पहिलं फळ बघायचं आहे. पण आई तुम्ही आहात. तुमची इच्छा असेल तर मी तिला समजावून पाठवते. माझं ती ऐकेल."

घ्या. जे मागायला मी इतके दिवस तोंड शोधत होते, ते ह्या बाईंनी न मागता माझ्या ओंजळीत ठेवलं. मला त्यांचा राग आला. त्यांनी थोडं भांडायला हवं होतं, मग मलाही भांडता आलं असतं. आणि रडूही येत होतं. रोज संध्याकाळी साकोलीच्या एसटीतून उतरणारी लेक माझ्या डोळ्यांसमोर महिनाभर उतरत होती, तिच्यासाठी मी मनात काय काय रांधून ठेवलं होतं.

त्या म्हणाल्या, आता आशीर्वाद द्या. मला वाटलं, तो त्या देणार. पण तिकडची रीत अशी की ज्या घरात कॉफी झाली त्या घरातल्या मोठ्या बाईने बोलायचं, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. घर तुमचं, भाजलीत तुम्ही, असं म्हणून त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवले आणि मान खाली घातली.

आपल्याकडे आशीर्वाद म्हणजे समोरच्याने वाकायचं आणि आपण "सुखी राहा" म्हणून मोकळं व्हायचं, हे तयारच असतं. इथे समोर कुणी वाकलेलं नव्हतं. फोनवर तो फोटो उघडाच होता. मी त्याच्याकडे पाहून घरी आपसात बोलतो तशीच बोलले.

"तुया झाडायले फळं लागो, माय."

बाईंना शब्द कळले नाहीत, तरी त्या आमेन म्हणाल्या. दारातून नवऱ्याचा आवाज आला, "अन् साकोली?"

"साकोली कुठी पळून जाते," मी म्हटलं. "ते अठीच आहे."

तो चप्पल घालून दुकानात गेला. बाईंनी विचारलं, तुम्ही काय म्हणालात ते मला सांगा. मी त्यांना माझ्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, जो काढायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, आणि माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "कॉफीच्या झाडाला फळ यायला तीन वर्षं लागतात. ठाऊक आहे ना?"

मी म्हटलं, आता ठाऊक झालं, आणि कप तोंडाला लावला.